बदामाच्या पिठाचा पिझ्झा बेस मधोमध ओला का राहतो, मोडतो का, आणि तो नीट कसा करायचा

विचारलेलं थोडक्यात असं: नऊ वर्षांच्या मुलीला सीलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान झालंय, गहू पूर्ण बंद. वाढदिवसाला तिला पिझ्झा हवाय. बदामाच्या पिठाचा बेस तीनदा करून पाहिला; दर वेळी कडा काळ्या, मधोमध ओला, आणि तुकडा उचलला की मोडतो. घरात अंडं चालत नाही. ओव्हन साधा ओटीजी. काय चुकतंय?

ताई, तुम्ही बदामाच्या पिठाला कणकेसारखं वागवताय, बाकी काही नाही. मी गेली बारा वर्षं पुण्यात घरून ग्लुटेन-फ्री पदार्थ करून देते. सुरुवात भाच्यामुळे झाली. सहा वर्षांचा असताना त्याला सीलिॲक निघालं. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की बाकीची मुलं केक खायची आणि हा आपला डबा घेऊन बाकाच्या टोकाला सरकून बसायचा. ते मला बघवायचं नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि तोच आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पिठाचा स्वभाव समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. पोळी लाटताना कणीक ताणली जाते आणि हात सोडला की थोडी मागे येते, ते या जाळीमुळे. यीस्टमुळे तयार होणारा वायूही तिच्यातच अडकतो आणि पिझ्झाचा काठ फुगतो. बदामात यातलं काहीच नाही. १०० ग्रॅम बदामात जवळजवळ ५० ग्रॅम तेल, २१ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि पिष्ट अगदी नावापुरतं. म्हणजे तुम्ही हातात पीठ घेताय असं वाटतं, पण त्यातलं अर्धं तेलच आहे. नानकटाई आठवा. तुपामुळे ती खुसखुशीत होते आणि त्याच तुपामुळे वाकवायला गेलं की मोडते. तुमचा बेस मोडतो त्याचं कारण हेच.

आपल्या बायकांचा हात इथे आणखी एका ठिकाणी फसतो. तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी विरी जात असेल तर आपण उकळतं पाणी घालतो, उकड काढतो. गरम पाण्याने पिष्ट फुगतं, चिकट होतं आणि भाकरी थापता येते. ग्लुटेन नसलेल्या धान्याला वळण लावायची ही आपली जुनी आणि अतिशय शहाणी रीत आहे. पण बदामात फुगायला पिष्टच नाही. त्यावर उकळतं पाणी ओतलं तर तेल सुटतं आणि पीठ आणखी फुटतं. तुम्ही गरम पाण्यात भिजवून पाहिलंच असेल, बहुतेक सगळ्याजणी पाहतात.

म्हणून जाळीचं काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं. अंडं चालत असेल तर ते हे काम सर्वांत सोपं करतं, कारण तापल्यावर त्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि पीठ धरून ठेवतात. तुमच्याकडे अंडं नाही, तर इसबगोल. तोच, जो घरोघरी पोटासाठी डब्यात असतो. त्याचा भुसा पाण्यात टाकला की आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून त्याचा बुळबुळीत घट्ट लगदा होतो, आणि हाच लगदा पिठाला लवचिकपणा देतो. परदेशात ग्लुटेन-फ्री पाव करणारे लोक यासाठीच इसबगोल वापरतात, आणि तो पिकतो मुख्यतः आपल्याकडे, गुजरात-राजस्थानात. घेताना साधा, बिनस्वादाचा भुसा घ्या. संत्र्याच्या चवीचा, साखर घातलेला नको. भुसा मिक्सरमधून एकदा फिरवून घेतला तर लगदा जास्त एकजीव होतो. कधीकधी इसबगोलामुळे बेस आतून जांभळट दिसतो. त्याने बिघडत काही नाही, मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

आता पीठ. बाजारचं तयार पीठ चालेल, पण पाकिटावर ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम असा, की किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर तो शब्द छापता येत नाही. 'बदाम पावडर' म्हणून दुधात घालायला मिळते ती घेऊ नका, तिच्यात साखर आणि इतर काय काय असतं. मी स्वतः घरीच करते. स्वस्त पडतं आणि कशात दळलं ते मला ठाऊक असतं. साधे कॅलिफोर्निया बदाम घ्या. मामरा खायला उत्तम, पण त्यात तेल जास्त. दळताना लगेच लोणी होतं आणि पैसेही वाया जातात.

१७० ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात टाकायचे आणि एक मिनिटात काढायचे. जास्त ठेवले तर पाणी पितात. गार पाण्यात घातले की साल चिमटीत धरून दाबताच बदाम सटकन बाहेर उडतो. हे काम मुलीला द्या, तिला मजा वाटेल. मग सुती कापडावर पसरून पंख्याखाली निदान एक पूर्ण दिवस वाळवा. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात, किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवून पूर्ण गार करा. एक बदाम मोडून बघा: कट्ट आवाज झाला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे. ही पायरी बहुतेक जण घाईत उरकतात, आणि पुढे बेस मधोमध ओला राहण्याची सुरुवात खरं तर इथेच झालेली असते.

दळताना मिक्सर सलग फिरवायचा नाही. बटण दोन सेकंद दाबा, सोडा, भांडं हलवा, पुन्हा दोन सेकंद. आठ-दहा वेळा झालं की चाळून घ्या आणि वरचा चाळ पुन्हा फिरवा. भांड्याच्या तळाशी पीठ चिकटून चकचकीत दिसायला लागलं की लगेच थांबा. तेल सुटू लागल्याची ती खूण आहे. त्याच्या पुढे गेलात तर पीठ परत मिळत नाही. उरलेला जाडसर चाळ खिरीत घाला. पीठ लगेच वापरायचं नसेल तर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेलं पीठ, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, लवकर खवट होतं.

प्रमाण असं, तीन-चार जणांना पुरेल असं: बदामाचं पीठ १५० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ३० ग्रॅम, इसबगोल १२ ग्रॅम, मीठ पाऊण चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, ऑलिव्ह तेल दोन चमचे, लिंबाचा रस एक चमचा, पाणी १२० ते १४० मिली. चमचा म्हणजे चहाचा. पण पीठ आणि इसबगोल वजनावरच घ्या. वाटीने मोजलेलं बदामाचं पीठ दाबून भरलं की भुरभुरून भरलं यावर बराच फरक पडतो. इसबगोल तर इतका हलका की त्याचा अंदाज डोळ्याला येतच नाही. तीनशे-चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या घरात आता ओव्हनइतकाच गरजेचा आहे.

साबुदाण्याचं पीठ कशाला, असं विचाराल. निव्वळ बदाम आणि इसबगोल यांचा बेस मऊ होतो, पण चावायला काही लागत नाही. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचं पिष्ट. त्याने थोडा चिवटपणा येतो, पिझ्झा चावल्यासारखं वाटतं. साबुदाणा कोरडाच मंद भाजून, गार करून, मिक्सरला बारीक दळून, वस्त्रगाळ करून घ्या. साखर नियंत्रणासाठी कुणाला पिष्ट टाळायचं असेल त्यांनी हे वगळून इसबगोल ३ ग्रॅमने वाढवावा. तुमच्या मुलीला ती गरज नाही.

आणि एक गोष्ट मी गेल्या काही वर्षांत करायला लागले आहे. पाणी कोमट करून त्यात पाव चमचा साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट घालून पंधरा मिनिटं ठेवते. फेस आला की तेच पाणी पिठात. या यीस्टने बेस फुगत नाही, जाळीच नाही तर वायू राहणार कुठे. पण ओव्हन उघडल्यावर पिझ्झाचा जो वास येतो तो यीस्टचा असतो. भाच्याने पहिल्यांदा हा बेस खाल्ला तेव्हा तोंडात घालायच्या आधी नुसता वास घेऊन थांबला होता. यीस्ट बेकरीचं कोरडं घ्या. ब्रुअर्स यीस्ट नावाचं मिळतं ते बिअरच्या कारखान्यातून आलेलं असू शकतं आणि बिअर बार्लीची, म्हणजे जवाची. तेच व्हिनेगरचं. माल्ट व्हिनेगर जवापासून करतात, म्हणून मी लिंबू लिहिलंय.

सगळं कोरडं साहित्य आधी हाताने नीट मिसळा. इसबगोल नंतर घातला तर गुठळ्या होतात. मग पाणी, तेल, लिंबू घालून पळीने ढवळा. आधी ते भज्यांच्या पिठासारखं सैल दिसेल. इथे घाबरून आणखी पीठ घालू नका. झाकून दहा मिनिटं बाजूला ठेवा. इसबगोल पाणी ओढून घेतो आणि तोच गोळा बोटांना सुटायला लागतो. बोट दाबून बघा: खळगा पडावा, पण बोटाला पीठ चिकटून येऊ नये. चिकटलं तर आणखी पाच मिनिटं थांबा. गोळ्याला चिरा पडत असतील तर एकेक चमचा पाणी घाला. मळायची गरज नाही. मळल्याने इथे काहीच तयार होत नाही, उलट हाताच्या उबेने तेल सुटतं.

आता थापणं. काजूकतलीचा गोळा कसा दोन कागदांमध्ये लाटतो, तसंच. खाली बटर पेपर, वर बटर पेपर, हलक्या हाताने लाटा. किंवा थालीपीठ थापतो तसं तेलाच्या बोटांनी मधून बाहेर. जाडी साधारण ६ मिलिमीटर, सगळीकडे एकसारखी. कडेला बोटभर उंच काठ आला तरी चालेल, पण कड पातळ झाली तर तीच आधी जळते. तुमच्या काळ्या कडांचं निम्मं उत्तर इथे आहे. आणि पहिल्या काही वेळा एक मोठा बेस न करता सतरा-अठरा सेंटिमीटरचे दोन करा. लहान बेस मधोमध लवकर भाजतो, उलटताना मोडत नाही, आणि वाढदिवसाला आपापल्या आवडीचं वर घालता येतं. काट्याने सगळीकडे टोचे मारा, वाफ निघून जाते.

भाजण्याबद्दल सर्वांत जास्त लिहायचं आहे, कारण तुमची मुख्य अडचण इथली आहे. पिझ्झा म्हटलं की लोक ओव्हन होईल तितका तापवतात. नेपल्सच्या भट्टीत ४५० अंशांच्या आसपास पिझ्झा दीड मिनिटाच्या आत तयार होतो, हे ऐकलेलं असतं. ते गव्हाच्या पिठाचं आणि त्या भट्टीचं गणित आहे. बदामाचं पीठ तेल, प्रथिनं आणि थोडी नैसर्गिक साखर यांमुळे फार लवकर लाल होतं. २२० अंशांवर ठेवलात तर आठव्या मिनिटाला कडा गडद दिसतात, तुम्हाला वाटतं झालं, बाहेर काढता, आणि आत इसबगोलाने धरलेलं पाणी तसंच असतं. रंगावर विश्वास ठेवायचा नाही. कमी आच आणि जास्त वेळ, हेच खरं.

ओटीजी १८० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, निदान वीस मिनिटं आधी तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं. आतली हवा तापलेली असते, पत्रा नाही. आतला ट्रे उलटा करून खालच्या खणात ठेवा आणि तोही सोबत तापू द्या. त्या तापलेल्या ट्रेवर बेस बटर पेपरसकट सरकवा, म्हणजे खालून लगेच धग मिळते. ओटीजीची आतली उष्णता आणि बटणावरचा आकडा यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो जरूर घ्या. माझ्या पहिल्या ओटीजीत १८० म्हणजे प्रत्यक्षात २१० निघाले होते, आणि मी कित्येक महिने पिठाला दोष देत होते.

पंधरा मिनिटांनी बाहेर काढा. वरचा भाग कोरडा, फिकट बदामी दिसेल. आता वर दुसरा बटर पेपर, त्यावर ताट, आणि पटकन उलटा. खालचा कागद सोलून काढा. इथे थोडी वाफ तोंडावर येते आणि कागदाला लागलेला भाग ओलसर, चकचकीत दिसतो. हीच ती ओल, जी आतापर्यंत तुमच्या चीजखाली दबून राहत होती. हा ओला भाग वर ठेवून आणखी सात-आठ मिनिटं भाजा. मग जाळीवर काढून पूर्ण दहा मिनिटं गार होऊ द्या. गरम असताना इसबगोल मऊ असतो, गार होताना तो धरतो. जाळीऐवजी ताटात ठेवलात तर खाली वाफेचं पाणी होऊन केलेलं सगळं वाया जाईल. गार झालेला बेस एका बाजूने उचलून धरा. थोडा वाकला आणि मोडला नाही, की जमलं.

मग वरचं सगळं घालून पुन्हा ओव्हनमध्ये, आता २०० अंशांवर, वरच्या खणात, सहा ते आठ मिनिटं, चीज वितळून बुडबुडे येईपर्यंत. बेस आधीच झालेला असतो, हे फक्त वरचं वितळवायला. कडा लाल वाटल्या तर त्यांच्याभोवती फॉइलची पट्टी गुंडाळा.

ओव्हन नसेल किंवा वीज गेली तर लोखंडी तव्यावरही होतो. मंद आच, तव्याला तेलाचा हात, झाकण ठेवून सात मिनिटं, उलटून झाकण न ठेवता पाच मिनिटं. वरचं घातल्यावर पुन्हा झाकण. खालून थालीपिठासारखा खमंग लागतो, मला कधीकधी हाच जास्त आवडतो. पण तवा पोळ्यांचा नको. त्याबद्दल पुढे लिहितेच.

वर काय घालायचं ते तुमच्या आवडीचं, फक्त ओलं काही नको. सॉससाठी अर्धा किलो टोमॅटो, लसूण, मीठ, चिमूटभर गूळ आणि ओरेगॅनो घालून इतका आटवा की कढईत पळीने ओढलेली रेघ तशीच राहील. एका लहान बेसला दोन मोठे चमचे पुरेत. ढोबळी मिरची, कांदा, मशरूम आधी तव्यावर मोठ्या आचेवर परतून पाणी उडवा. पनीर कापडात दाबून घ्या. मोझरेला ठोकळ्यातलं घेऊन घरी किसा. पाण्यातलं ताजं मोझरेला चवीला सुंदर, पण या बेसवर ते घालायचं तर तासभर कापडावर निथळवावं लागतं. आधी बेसवर चीजचा पातळ थर, मग सॉस, मग भाज्या, मग उरलेलं चीज, असा क्रम ठेवलात तर सॉसचं पाणी बेसपर्यंत लवकर पोचत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते. पिझ्झा कितीही छान झाला आणि त्यात गव्हाचे कण गेले, तर मुलीच्या दृष्टीने तो मैद्याचाच. सीलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. 'एखाद्या दिवशी चिमूटभर चालतं' हे नातेवाईक प्रेमाने सांगतील. नाही चालत. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने हा आजार आणि गहू यांचं नातं दाखवून दिलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुलं त्या उपासमारीच्या काळात सुधारली. पाव परत मिळू लागल्यावर पुन्हा खालावली. तेव्हापासून आजवर उपचार एकच आहे, गहू, जव आणि राय नावाचं धान्य (मोहरी नव्हे) आयुष्यभर पूर्ण बंद.

घरात गहू कुठून शिरतो? पहिली जागा गिरणी. तुमच्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यातून कुणाचे तरी गहू गेलेले असतात. म्हणून ज्वारी-तांदूळ घरघंटीवर दळा, आणि त्या घरघंटीत गहू कधीही नको. दुसरी जागा हिंग. डब्यातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी उलटी करून वाचा. तांदळाच्या पिठात केलेला हिंगही मिळतो. तिसरी जागा तुमची जुनी चाळण. तिच्या जाळीत अडकलेलं गव्हाचं पीठ धुऊन निघत नाही, बदामासाठी नवी घ्या. तसंच लाकडी पोळपाट-लाटणं, टोस्टर आणि वर म्हटलेला पोळ्यांचा तवा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. पिझ्झावर भुरभुरायच्या तयार मसाल्याच्या पुड्यांवरची यादी वाचा, नाहीतर नुसता सुका ओरेगॅनो आणि लाल मिरचीचे तुकडे घ्या. बेकिंग पावडरमधलं पिष्ट मक्याचं आहे ना, तेही बघा. आणि ज्या दिवशी हा बेस करणार त्या दिवशी ओट्यावर आधी पोळ्या लाटू नका, पीठ हवेत उडतं आणि हळूहळू बसतं. मी एकदा एका बेकरीतून ग्लुटेन-फ्री म्हणून बेस आणला होता. नंतर कळलं की त्याच ओव्हनमध्ये, त्याच ट्रेवर मैद्याचे बेस भाजत होते. भाचा दोन दिवस पोट धरून झोपून होता. तेव्हापासून बाहेर विचारताना मी 'ग्लुटेन-फ्री आहे का' असं विचारत नाही, 'कुठल्या ट्रेवर भाजता' असं विचारते.

मुलीची भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या, हा आजार घराण्यात असू शकतो. पण तपासणीच्या आधी त्यांचा गहू बंद करू नका. गहू खाणं चालू असतानाच रक्ताच्या तपासणीतून खरं ते कळतं.

एक मत मोकळेपणाने सांगते. सीलिॲक असलेल्या मुलासाठी बदामच हवा असं काही नाही. बदाम महाग, शिवाय जड. वरच्या प्रमाणातल्या बदामांतूनच ८५० ते ९०० कॅलरी होतात, मूल अर्ध्या बेसवर थांबतं. रोजच्यासाठी मी मिश्र बेस करते: ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात १०० मिली उकळतं पाणी घालून उकड काढायची, झाकून कोमट होऊ द्यायची, मग त्यात १०० ग्रॅम बदामाचं पीठ, ८ ग्रॅम इसबगोल, मीठ, बेकिंग पावडर, तेल आणि लागेल तसं चार-पाच मोठे चमचे पाणी. इथे आपली उकड तिचं काम चोख करते, कारण ज्वारीत पिष्ट आहे. बाकी कृती तीच, फक्त पहिलं भाजणं अठरा मिनिटं. चवीला थोडी भाकरीची आठवण येते, पण तुकडा हातात धरून खाता येतो आणि खर्च बराच कमी होतो. वाढदिवसाला निव्वळ बदामाचा करा, एरवी हा.

ज्यांच्याकडे अंडं चालतं त्यांच्यासाठी एका ओळीत: २०० ग्रॅम बदामाचं पीठ, दोन अंडी, एक मोठा चमचा तेल, मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, थापून १८० अंशांवर तसंच दोन्ही बाजूंनी भाजायचं. वितळलेल्या मोझरेलात बदामाचं पीठ कालवून केलेला बेसही लोकप्रिय आहे. तो छान वाकतो, पण वर पुन्हा चीज आलं की मुलांना फार तेलकट होतो, मी सहसा करत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी धावपळ करू नका. बेस तीन-चार दिवस आधी दोन्ही बाजूंनी भाजून, पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर टिकतात. वितळवायचे नाहीत. थेट बाहेर काढून सॉस-चीज घाला आणि २०० अंशांवर दहा मिनिटं. येणाऱ्या मुलांपैकी कुणाला बदामाची किंवा इतर सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या आयांना आधी विचारा. आणि जमलं तर सगळ्याच मुलांना हाच पिझ्झा द्या. लहान बेस आधी करून ठेवले तर आठ-दहा मुलांना पुरवणं अवघड नाही. शेजारी दुसऱ्या खोक्यात मैद्याचा पिझ्झा नसला की हात, सुरी, ताटं यांची अदलाबदल होण्याची भीती राहत नाही, आणि मुलीला स्वतःचा तुकडा वेगळ्या ताटात शोधावा लागत नाही.

पहिला बेस या आठवड्यातच करून बघा, वाढदिवसाची वाट पाहू नका. उलटताना खालचा भाग किती ओला दिसला, आणि ओव्हनमधल्या थर्मामीटरवर किती आकडा होता, हे लिहून ठेवा. तेवढ्यावरून वेळ दोन मिनिटं वाढवायची की आच दहा अंश कमी करायची, ते मी सांगू शकेन.